एक सूत कमी

धान कापाले आलं का लाकूड बोलाले लागते. पावसाळाभर ते पानी पिऊन, तोंड बंद करून बसलेलं असते. दरवाजे चौकटीत अडकतात, कपाटाचा पल्ला ओढाले पाय लावावा लागते. मंग वैनगंगेकडून सकाळची थंडी याले लागते, हवा कोरडी होते, अन् घरातलं सारं लाकूड एकेक करून जागं होते. कुठी चौकट कट्ट करते, कुठी पाट डुगडुगते. आमच्या घरी सगळ्यात आधी माही बाज बोलते. बायको म्हनते, साऱ्या बालाघाटचे टेबल सिधे करत फिरते हा मानूस, अन् सोताची बाज कुरकुरते. मी म्हनतो, बाज नाही व, माहे हाडं आहेत. ती म्हनते, ते बी तुमच्याच हातचं काम दिसते.

यंदा बाजेच्या आधी फोन बोलला. बियाण्याच्या ऑफिसातून होता. पोरीचा आवाज, नवा, अर्धी हिंदी अर्धी मराठी. खिडकीजवळचा टेबल हालून राह्यला म्हने, चहा ठेवला तं सांडते. मी हौ म्हनलं, येतो म्हनलं. त्या टेबलाचा एक पाय एक सूत कमी आहे. सूत म्हनजे इंचाचा आठवा हिस्सा. माचिसची काडी आडवी ठेवा, त्याच्याहून थोडं जास्त. मले हे पाह्याशिवाय कसं माहीत? तं तो पाय मीच कमी केलता. अन् त्या ऑफिसात मी पाय कमी केल्याची ती पयली बारी नोयती.

मी शाळेत गेलतो, पन शाळेचं छप्पर दुरुस्त कराले. त्याच्या आधी खैरलांजीकडच्या आमच्या गावात दुसरीत दोन पावसाळे काढले, मंग बापानं रंदा हातात देल्ला. मले टेपवरचे आकडे वाचता येतात, अक्षरं येत नाहीत. आकडे घरचे लोक आहेत. अक्षरं पाहुने आहेत. येतात, डोळ्याले डोळा देतात, निंगून जातात. पन ऑफिसात कोन केवढा हे वाचाले मले अक्षरं कधी लागले नाहीत. ते मी टेबलाच्या लांबीवरून वाचो. साहेबाचा टेबल सहा फुटाचा, वर काच, काचेखाली देवाचा फोटो अन् पोराच्या शाळेचा फोटो. बड्या बाबूचा पाच फुटाचा, काच नाही, पन कुलुपाचे ड्रॉवर दोन. छोट्या बाबूचा चार फुटाचा, ड्रॉवर एक, कुलूप नाही. साहेबाच्या केबिनले दोन पल्ल्याचा झुलता दरवाजा. वरून साहेबाचं डोक्सं दिसे, खालून जोडे दिसत, फक्त साहेब काय करून राह्यला ते दिसत नोयतं. भिंतीभर रॅक, रॅकवर लाल कपड्यात बांधलेले फायलींचे बस्ते. बियाण्याचं ऑफिस उघडलं तेव्हा हे सारं मी केलतं. मी जवान होतो, मिशी नवी होती, अन् मले वाटे का मी काही चुकत नाही.

त्या ऑफिसात मेश्राम बाईचा टेबल साडेतीन फुटाचा होता. बाई टायपिस्ट. तिरोडीची पोरगी, तेव्हा विशीत असन. तिचा बाप मँगनीजच्या खदानीत कामाले होता. तिच्या घरात टेबल-खुर्चीवर बसून नोकरी करनारी ती पयली. हे मले नंतर समजलं, नाही तं तो टेबल मी शेवटी घाईघाईत कायले केला असता? उरलेल्या लाकडाचा केला, अन् एक पाय एक सूत कमी पडला. पावसाळ्यात लाकूड फुगलेलं, म्हनून कळलं नाही. धान कापाले आलं अन् कळलं. बाई टाईप करे, टक टक टक, अन् टेबल मधातच खट करे. जसं कोनी गोष्ट सांगून राह्यलं अन् दुसरा हुंकारा भरून राह्यला.

तिचा बाप पोरीचं ऑफिस पाहाले आला तो दिवस मले अजून तसाच दिसते. त्याले बस लागे, म्हनून तो तिरोडीहून उलटा फेरा मारून, तुमसर, गोंदिया करत, तिथून छोट्या लायनीच्या रेलगाडीनं आलता. धुतलेला पांढरा सदरा, निळी टोपी, पन नखातला खदानीचा काळा तसाच. ऑफिसातले लोक जेवाले गेलते. मी रॅकच्या मांगं पट्टी ठोकत होतो. तो टेबलाजवळ गेला अन् हळूच इचारलं, "हे तुयं?" बाई म्हने, "हौ बाबा, माहंच." त्यानं दोन्ही हात टेबलावर ठेवले, जसे आपन नव्या बैलाच्या पाठीवर ठेवतो. टेबल खट झाला.

मी रॅकच्या मांगं असा बसलो का जसा मी बी एक बस्ता आहो. वाटलं आता हा मानूस इचारते, कोन्या गधड्यानं केला. पन तो खाली बसला, खिशातून काहीतरी काढलं, घडी केली, पायाखाली सरकवलं. मंग पुन्हा हात ठेवून पाह्यला. नाही हालला. गेला बिचारा, संध्याकाळची गाडी होती. मले वाटलं, माचिसचा पुठ्ठा असन.

त्याच्यानंतर दरसाल, धानाच्या टाईमाले, बाईचा निरोप ये. मिस्त्री, टेबल बोलून राह्यला. लाकूड सुकलं का फट वाढे. मी जाऊन लाकडाची एक पातळ चिपटी पायाखाली लावो, चहा पिवो, बाई घरचं इचारे, मी काहीतरी उलटंसुलटं बोलून तिले हासवो. दरसाल मी म्हनो, बाई, टेबल उलटा करू द्या, पायच बदलतो, कायमचा झगडा मिटन. दरसाल ती म्हने, "राहू द्या, मिस्त्री. जे खाली आहे ते काढू नोका, त्याच्याखालून लावा." मी समजो का बाईचा माह्या आरीवर भरोसा नाही. मले राग बी येत नोयता. माहा सोताचा बी नोयता.

मंग काही सालं अशीच गेली, खटखट अन् चहा. टाईपरायटर गेला, डब्ब्यासारखा कॉम्प्युटर आला, त्याच्यासाठी मी टेबलाले खालून सरकनारी फळी लावली. डब्बा गेला, पातळ कॉम्प्युटर आला, फळी बेकार झाली; बाई तिच्यावर जेवनाचा डब्बा ठेवे. मोबाईल आला तं शेतकरी ऑफिसात यायचे कमी झाले, बियाण्याचं सारं फोनवरच इचारत. मंग तो बिमारीचा टाईम आला, ऑफिसले ताला लागला, लोकं घरून काम कराले लागले, अन् ताला उघडला तेव्हा अर्धे लोक वापस आलेच नाहीत. फिल्डवाले फिल्डमधूनच फोटो पाठवत. बस्ते मशीनखाली ठेवून कॉम्प्युटरात घातले. रॅक रिकामे. मी जाऊन पाह्यलं तं त्याच्यात कबुतर बसलं होतं, एकदम बड्या बाबूसारखं.

त्या सालच्या धानाच्या टाईमाले नव्या साहेबानं मले बलावलं. साहेब जवान, इंदौरकडचा, बोलनं साफ. म्हने, मिस्त्री, सब निकालना है. केबिन काढाची, झुलता दरवाजा काढाचा, रॅक काढाचे, साऱ्याले मिळून एक लंबा टेबल, कोनाचीच जागा पक्की नाही. सकाळी आलं का जिथं जागा तिथं बसाचं, जाताना आपलं सामान भिंतीतल्या खनात ठेवाचं. मी इचारलं, साहेब, तुमी कुठी बसान? म्हने, मी बी तिथंच. मले तं साहेबाचीच कीव आली. सहा फुटाचा मानूस एकदम दीड फुटाचा झाला.

नक्शा नागपूरची एक पोरगी काढे. ती बालाघाटले आलीच नाही. मी फोन भिंतीकडं धरो, ती तिकडून पाहे, काका जरा डावीकडं, काका जरा वर. गोड गोड बोले. मी इतके सालं साहेबांचं ऐकलं, पन मले काका म्हनून डावीकडं कोनीच वळवलं नोयतं. तिचा नक्शा मोबाईलवर ये. आकडे मी वाचो, अक्षरं सोडून देवो.

बाहेर साऱ्या रस्त्यानं धान वाळत पडलं होतं. खिडकी उघडली का चिन्नौर तांदळाचा वास आत ये, थ्रेशरचा भुसा उडून माह्या रंद्यावर बसे, लाकडाचा भुसा अन् धानाचा भुसा एक होऊन जाय. त्या वासात मी केबिन खोलली. एकेक खिळा काढताना मले माही जवानी दिसे. खिळा वाकडा, त्याच्या बाजूले दुसरा, तो बी वाकडा. नवीन मानूस खोलता तं म्हनता, हे कोनी ठोकलं? मीच होतो, म्हनून इज्जत राह्यली.

त्याच दिवसांत साहेबानं मेश्राम बाईले सांगतलं का, मॅडम, तुमचे दोनच सालं राह्यले, लॅपटॉप घरी घेऊन जा, घरून आरामात करा. भल्यासाठीच सांगतलं. बाई जी हां म्हनली अन् आपल्या टेबलावर येऊन बसली. दुपारी मी चहा देल्ला तं पेला हातातच राह्यला. मी म्हनलं, बाई, तुमची तं मजा झाली. ती म्हने, "मिस्त्री, घरी दोन खोल्या आहेत. एकीत सून-पोरगा, एकीत मी, दोन नातू अन् टीव्ही. घरी मी आई आहे, सासू आहे, आजी आहे. मेश्राम बाई मी इथंच आहे. हा टेबल गेला तं तिले कुठी नेऊ?"

मी फडक्यानं तिचा टेबल पुसला, वर भुसा नोयता तरी.

दुसऱ्या दिवशी तो टेबल मलेच उचलाचा होता. मनात म्हनलं, साहेबाले सांगू, हा ठेवा, जुना सागवान आहे. उलटा केला अन् माहीच कारागिरी बाहेर आली. सागवानच होता, पन झाडाच्या सालीजवळचं पांढरं, कच्चं लाकूड मी पायाले लावलतं, अन् ते वाळवीनं आतून खाऊन ठेवलतं. बोट लावलं तं बोट आत गेलं. इतके सालं बाईनं कशाच्या भरोशावर टाईप केलं, देव जाने. अन् त्या कमी पायाखाली, माह्या साऱ्या चिपट्यांच्या वर, पायाले चिकटून, जुन्या टाईमाचं जाड पुठ्ठ्याचं रेलगाडीचं तिकीट होतं. तिहेरी घडी. दबून दबून लोखंडासारखं झालेलं.

बाईच्या हातात देल्लं. ती म्हने, बाबाचं आहे. त्या दिवशी स्टेशनवर कोनी मांगलं नाही म्हनून खिशात राह्यलतं. मंग तिनं चष्म्याच्या डबीत ठेवलं अन् डबी बंद केली. तेव्हा माह्या डोक्सात उजेड पडला का तिचा माह्या आरीवर भरोसा होता का नोयता हा सवालच नोयता. इतके सालं मी समजत होतो का ते सारं माह्याबद्दल चालू आहे.

त्याच्या दोन दिवसानं मी माह्या जिंदगीतली सगळ्यात मोठी चूक केली. नक्श्यात भिंतीजवळ चार छोटे टेबल होते. उंची बेचाळीस इंच. मी बरोबर बेचाळीसचे केले, उभे केले, बाजूले जाऊन पाह्यलं तं टेबल माह्या छातीपाशी. म्हनलं, पोरगी चुकली. फोनवरून पाहाचं काम, असंच होते. साहेबानं पाह्यलं तं तिले रागवन, नवीन पोरगी आहे, तिची इज्जत आपन राखाची. कोनाले न इचारता चारही टेबलाचे सोळा पाय एक-एक फूट कापले. साफ कापले, माह्या हातानं इतकं साफ कधी कापलं नोयतं. घरी जाऊन बायकोले सांगतलं का आज एका पोरीवर उपकार केले. ती म्हने, तिले माहीत आहे का?

सकाळी साहेब आला, टेबलाले हात लावाले वाकला. मंग हळू बोलला, "मिस्त्री, ये खड़े होकर काम करने वाले थे." नक्श्यावर तसं लिहिलं बी होतं. मले वाटलं होतं, पोरीचं नाव असन. दिवसभर बसून लोकांच्या पाठी दुखतात म्हनून आता ते उभे राहून काम करतात म्हने. मी तं सारी जिंदगी उभाच राह्यलो, अन् माही बी पाठ दुखते. म्हनजे मी नव्या टाईमाच्या ऑफिसात लय आधीपासूनच नोकरीले होतो, फक्त पगार कोनी देल्ला नाही.

साहेबानं पोरीले फोन लावला अन् माह्या हातात देल्ला, दाखव म्हने. मी फोन त्या ठेंगन्या टेबलांकडं धरला. मले अशी शरम आली का मी फोन दुसरीकडंच फिरवला, जिकडं हात जाईन तिकडं. तो खिडकीकडं गेला. तिथं मेश्राम बाई बसली होती. टेबल नोयता, नुसती खुर्ची, तिच्या नेहमीच्या जागी. पाय बांधलेल्या बस्त्यावर ठेवलेले, लॅपटॉप मांडीवर, चष्म्याची डबी बाजूले, अन् ती काम करून राह्यली होती. चारी बाजूले भुसा अन् फळ्या.

पोरगी म्हनाली, "थांबा काका. त्या कोण आहेत?"

मी म्हनलं, मेश्राम बाई. ऑफिस उघडलं तवापासून इथंच बसतात.

"माझ्या ड्रॉइंगमध्ये त्या जागी काय आहे?"

मी साहेबाकडं पाह्यलं. साहेब खाली पाहून बोलला, "गमला है." कुंडी. फुलाची बी नाही, नुसत्या पानाची.

मंग पोरगी म्हनाली, काका, फोन त्यांच्याकडं द्या. अन् तिनं बाईले इचारलं, ताई, तुम्हाला कुठं बसायला आवडेल? इतके सालं मी त्या ऑफिसात टेबल करत होतो, पन बसनाऱ्याले हे इचारल्याचं मी कधी ऐकलं नोयतं. मी बी कधी इचारलं नोयतं. मी लांबी इचारो.

बाई म्हनाली, "आहे तिथंच."

साहेब बाजूलेच उभा होता. त्याचा चेहरा असा झाला जसा आपन कोनाले न इचारता जास्तीचा भात वाढतो अन् मंग दिसते का त्याचं पोट भरलं आहे. म्हने, मले वाटलं मॅडमले आराम होईन. मी मनात म्हनलं, साहेब, आपन दोघं एकाच शाळेत शिकलो. मी बी उपकारच केले होते, सोळा पाय कापून.

तीन टेबलांचे कापलेले तुकडे मी खुट्या मारून पुन्हा जोडले. जोड दिसतात, येनारा-जानारा त्याले डिझाईन समजते, मी बी समजू देतो. चौथा तसाच ठेंगना राह्यला, खिडकीजवळ गेला. कुंडी दरवाजाजवळ गेली. हा टेबल पक्क्या लाकडाचा, चारही पाय बरोबर. मेश्राम बाईनं हात ठेवून पाह्यला. हालला नाही. म्हने, "चांगला झाला, मिस्त्री." पन तिनं ते असं म्हनलं जसं दुसऱ्याच्या लेकराले चांगलं म्हनतात. मंग कामाले लागली. लॅपटॉपच्या बटनाले आवाज नाही, टेबलाले आवाज नाही. चष्म्याची डबी बंद.

माहं लक्ष लागेना. सकाळी ऑफिस उघडाच्या आधीच गेलो, झाडूवाल्या मावशीनं दरवाजा उघडला. रस्त्यावरचं धान दवानं ओलं होतं, अजून कोनी उलटलं नोयतं. मी टेबल आडवा केला, खिडकीकडचा एक पाय मोजला, पुन्हा मोजला, पेन्सिलीनं निशान केलं, अन् एक सूत कापला. मावशी पाहत होती. म्हने, बरोबर होता ना रे बाप्पा. मी म्हनलं, म्हनूनच.

मेश्राम बाई आली, पर्स ठेवली, टेबल खट झाला. तिनं माह्याकडं पाह्यलं. मी छताकडं पाह्यलं, जसं तिथं लय काम बाकी आहे. थोड्या वेळानं मले चष्म्याच्या डबीचा आवाज आला. मंग खुर्ची सरकल्याचा. मंग टेबल चूप झाला.

त्या टेबलावर तिनं दोन सालं काढले, अन् धानाच्या टाईमाले दोन्ही बाऱ्या मले बलावलं, चहा पाजला. रिटायर झाली तेव्हा शाल-नारळ झालं, लोकं दोन शब्द बोलले, मी बोलाले उभा राह्यलो अन् नुसतं टेबलाचं माप सांगून बसलो. जाताना ती खाली वाकली अन् तिकीट काढून घेऊन गेली. टेबल तसाच राह्यला. पावसाळाभर चूप होता.

तं परवा मी त्या पोरीच्या फोनवर गेलो. परसवाड्याकडची आहे, धानाचं घर आहे, नवीन लागली. आता त्या ऑफिसात जो आधी येईन त्याले खिडकीची जागा भेटते. ही सगळ्यात आधी येते. बसमधून उतरून पळत येते म्हने. तिच्या डब्ब्याचा, चिन्नौरच्या भाताचा वास टेबलावर होता. मी खाली वाकून पाह्यलं. लाकूड सुकलं, फट वाढली, सुताच्या वर गेली आहे. चिपटी माह्या खिशातच होती, लावाले वेळ तं दोन मिनिटाचा लागता.

तिनं इचारलं, काका, हे असं काहून झालं? मी म्हनलं, माह्या हातची चूक आहे, जुनी. मंग मी इचारलं, "तुह्या घरचं कोनी पाहाले आलं का ऑफिस?"

"नाही अजून. बाबा येतो म्हनून राह्यले. धान कापून झालं का."

मी चिपटी खिशात परत ठेवली अन् खुर्चीचा हात धरून उठलो. हाडं बोलले.

"मंग राहू दे," म्हनलं. "ते येऊन जाऊ दे आधी. मंग पाहू."